पुण्यात घर परवडेना, म्हणून वाशिमला प्लॉट बघायला गेलो

ज्यांना ऐकायला वेळ नाही पण वाचायला आहे, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना घाईत जे सुटलं, ते इथे जरा नीट मांडलंय.

आजचा भाग इतिहासाचाच आहे. पण सुरुवात माझ्या मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरपासून करावी लागेल.

मी मूळचा वाशिम जिल्ह्यातला. मंगरूळपीर तालुक्यात आमचं गाव. सात वर्षांपासून पुण्यात नोकरी करतो आणि भाड्याने राहतो. दोन वर्षांपूर्वी एक टू बीएचके पाहिला, किंमत ७५ लाख. म्हटलं, लोन काढू, त्यात काय! मग हिशोबाला बसलो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते. म्हणजे कर्ज ६० लाख, आणि १५ लाख आपल्या खिशातून. वर पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणी फी ३० हजार. हा वरचा खर्च बँक किमतीत धरत नाही. थोडक्यात, किल्ली हातात यायच्या आधी साडेवीस लाख रोख हवेत. त्यानंतर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं महिन्याला ५२ हजारांचा हप्ता. माझा हातात येणारा पगार ५८ हजार.

कॅल्क्युलेटर बंद केला.

आता बाबांकडे आठ लाख रुपये होते. ते कुठून आले, तर समृद्धी महामार्गात आमची थोडी जमीन गेली, त्याच्या मोबदल्यातून सगळ्यांच्या वाटण्या होऊन उरलेले. आजोबांनी विहीर खोदलेली ती जमीन. बाबा म्हणाले होते, ‘पुण्यात घराले लाव.’ पुण्यात आठ लाखांत पार्किंग आलं असतं. म्हणून मी तेच केलं जे माझ्यासारखी हजारो पोरं करतात. शहरात घर परवडत नाही, तर गावाकडे ‘इन्व्हेस्टमेंट’ करू, पाच वर्षांत भाव तिप्पट होईल, मग ते विकून पुण्यात घर घेऊ.

२०२३ च्या दिवाळीत गावी गेलो. ओळखीतून एक एजंट भेटला. समृद्धीला लागून प्लॉट, एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, साडेसहा लाख. ‘भाऊ, उद्या भाव वाढणार आहे, आज बयाणा टाका.’ मी जागेवर उभ्या उभ्या फोनवरून ५१ हजार पाठवले.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, ‘सातबारा पाह्यला का?’

मी मोबाइलवर पीडीएफ दाखवली. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ वाचलं आणि म्हणाले, ‘यात तुह्या प्लॉटचं नाव कुठं हाय?’

खरंच नव्हतं. तो सातबारा अख्ख्या गटाचा होता. दोन हेक्टरच्या वर क्षेत्र, चार खातेदार, ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा. जमीन शेतीचीच. माझा गुंठा फक्त एजंटच्या रंगीत नकाशात होता.

मी इतिहासाचा पॉडकास्ट करतो. दर पंधरा दिवसांनी तुम्हाला सांगतो की जुन्या गोष्टींतून शिकावं. आणि स्वतःचे, म्हणजे खरं तर बापाचे, पैसे देताना मी एक कागद नीट वाचला नाही. त्या रात्री झोप लागली नाही. मग आपल्याच मातीतल्या जमिनीचा इतिहास काढून बसलो. तोच आजचा भाग.

तांब्यावरचा सातबारा

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात इथे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. सर्वसेन हा त्या शाखेचा पहिला राजा, आणि त्याचा मुलगा विंध्यशक्ती दुसरा. या विंध्यशक्तीचा एक ताम्रपट वाशिमला मिळाला, १९३९ मध्ये तो अभ्यासकांसमोर आला. राजवटीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्मातून दिलेला हा दस्त आहे. नांदीकट, म्हणजे आजच्या नांदेडच्या भागातलं आकासपद्द नावाचं गाव काही अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची ती नोंद.

त्यात काय लिहिलंय ते बघा. कोण देतोय, त्याचे बाप-आजे कोण, कोणाला देतोय, गाव कुठल्या भागात आहे. मग सवलतींची यादी. राजाच्या शिपायांनी गावात शिरायचं नाही, कोणते कर माफ, जमिनीत पुरलेलं धन निघालं तर ते कोणाचं. राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. मला यातली गंमत अशी वाटते की मोठेपणा सांगायला दरबारी भाषा वापरली, पण हक्काची बाब आली तशी लोकांच्या जवळची भाषा घेतली.

सोळाशे वर्षांपूर्वी, राजा स्वतः जमीन देत असतानासुद्धा, घेणाऱ्याने तोंडी शब्दावर काम भागवलं नाही. तांब्यावर कोरून घेतलं. कारण राजा बदलतो, अधिकारी बदलतात, शेजारी बदलतात. तेव्हा दाखवायला हातात काहीतरी लागतं.

माझ्या हातात काय होतं? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक नकाशा.

समुद्राखालच्या प्लॉटचा भाव

आता दीड हजार वर्षं पुढे या. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथे जमीन मोजणी सुरू झाली. शेताला नंबर पडला, सारा ठरला, आणि कसणाऱ्याच्या नावावर हक्क लागला. हा हक्क वारशाने मुलाकडे जाणार होता, तसाच विकता आणि गहाणही ठेवता येणार होता. ही दुधारी गोष्ट होती, ते पुढे कळेल.

नेमकं त्याच वेळी, १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथल्या दक्षिणेतल्या राज्यांचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे वळलं. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ‘उमरा’ म्हणायचे, अमरावतीच्या नावावरून. भाव कुठल्या कुठे गेले आणि मुंबईत पैशाचा पूर आला.

हा पैसा गेला कुठे? बराचसा जमिनीत. आणि तीही अशी जमीन, जी अजून नव्हतीच. मुंबई म्हणजे चहूकडून पाणी, जागा कमी, घरं महाग. तेव्हा समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या. सगळ्यात गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. मलबार हिल ते कुलाबा या पट्ट्यात भराव घालायचा बेत. ५,००० रुपये भरलेल्या तिच्या शेअरचा भाव ५०,००० च्या घरात गेला. जमीन पाण्याखाली, आणि तिचा कागद दहापट किमतीला! प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे सगळ्यात मोठे सटोडिये. बँक ऑफ बॉम्बेवर त्यांचं एवढं वजन होतं की शेअर तारण ठेवून ती बँक कर्ज वाटत सुटली होती.

मग ९ एप्रिल १८६५ ला अमेरिकेत जनरल ली शरण आला. युद्ध संपणार हे दिसताच कापूस घसरला. मुंबईत मुदतीचे सौदे झाले होते, म्हणजे आज भाव ठरवायचा आणि पैसे पुढच्या ठरलेल्या तारखेला द्यायचे. ती तारीख होती १ जुलै १८६५. त्या दिवशी पैसे कोणाकडेच नव्हते. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बेही सावरली नाही, १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली.

एक लक्षात घ्या. या मंडळींना मूर्ख म्हणून चालणार नाही. मुंबईत जागा कमी होती हे खरं होतं. समुद्र हटवता येतो हेही खरं होतं, पुढे तो हटवलाच. ‘इथे पुढे भाव येणार’ ही बातमी खोटी नव्हती. फक्त ती बातमी खरी व्हायला कित्येक वर्षं लागणार होती, आणि यांना पैसे जुलैमध्ये द्यायचे होते. शेवटी आलेल्याने सगळ्यात महाग घेतलं, तेही उसनवारीवर.

मला समृद्धीच्या कडेला उभा असलेला मी आठवलो. ‘उद्या भाव वाढणार आहे.’

सुप्यातली होळी

मुंबईचा फुगा फुटला तो मुंबईत. कापसाचा भाव पडला तो मात्र शेतात. तेजीच्या वर्षांत सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिलं होतं, कारण आता तारण ठेवायला जमीन होती. भाव पडल्यावर फेड होईना, आणि मघाशी म्हटलं त्या हक्काची दुसरी धार लागली. जी जमीन विकता येते, ती लिलावातही निघते. वऱ्हाडात, खानदेशात, पुणे-नगरकडे, सगळीकडे शेतं कसणाऱ्याच्या नावावरून सावकाराच्या नावावर सरकू लागली.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, बाजारच्या दिवशी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. हे ‘दख्खनचे दंगे’. त्यांनी मागितलं काय आणि जाळलं काय, तर कर्जरोखे. कागद! ज्या कागदावर अंगठा दिला होता आणि आत काय लिहिलंय ते वाचता आलं नव्हतं, तो कागद. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला.

त्यांना वाचता येत नव्हतं. मला येतं. माझ्या खिशात तर सातबारा होता. मग माझी सबब काय?

रस्ता गेला म्हणून गाव वाढतं का?

कागदाचं एवढं पुरे. आता माझ्या स्वप्नातल्या दुसऱ्या भागाकडे येऊ, म्हणजे रस्त्याकडे. बाबा दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, ‘रस्ता गेला म्हंजे भाव येतोच असं थोडंच हाय? कारंज्यातून शकुंतला गेली नं!’

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर ते यवतमाळ नॅरोगेज रेल्वे, ११३ किलोमीटर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका ब्रिटिश खासगी कंपनीने कापूस वाहून न्यायला घातलेली. आपल्या जिल्ह्यातल्या कारंजातून ती जायची. कारंजा हे आधीच जुनं, नावाजलेलं व्यापारी गाव. पण रेल्वे आली ती कापूस न्यायला. गाडी शेवटपर्यंत रमतगमत चालली, आणि आता कित्येक वर्षं रूळ नुसते पडून आहेत. स्टेशनजवळ जागा असणाऱ्याचं त्यातून सोनं झालं नाही.

आणखी एक उदाहरण. इंग्रजांच्या काळात वाशिम हा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला आणि वाशिम अकोल्यात गेलं. पुन्हा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. मधे ९३ वर्षं! १९०४ मध्ये कोणी ‘जिल्ह्याचं ठिकाण आहे, वाढणारच’ म्हणून वाशिमला जागा घेतली असेल, तर त्याच्या पणतूला त्याचं फळ मिळालं.

आता समृद्धी. ७०१ किलोमीटरचा रस्ता, नागपूर ते मुंबईजवळचं आमणे. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. रस्ता उत्तम आहे, मी स्वतः त्यावरून गावी जातो. पण तो नियंत्रित प्रवेशाचा आहे. दोन्ही बाजूंना कुंपण. चढायचं-उतरायचं ते फक्त इंटरचेंजवर, आपल्याकडे मालेगाव, शेलूबाजार, कारंजा या भागांत. मधे कुठेही ‘हायवे टच’ प्लॉट घेतला, तर त्या प्लॉटवरून गाड्या ऐकू येतील, पण आपली गाडी रस्त्यावर चढणार नाही. माझ्या प्लॉटसमोर उभं राहून मी कुंपणापलीकडे पाहत होतो आणि हे डोक्यात आलं नव्हतं.

मोबदल्याचाही एक घोळ आहे. समृद्धीसाठी सरकारने थेट खरेदीने जमिनी घेतल्या आणि ग्रामीण भागात दराच्या पाचपटीपर्यंत मोबदला दिला. त्यामुळे आजूबाजूच्या प्रत्येकाला वाटायला लागलं की आपलीही जमीन त्याच भावाची. पण सरकारला ठराविक पट्टाच हवा होता, तो घेऊन झाला. शेजारच्या गटाला तो भाव देणारं गिऱ्हाईक कोण? तर पुण्याहून आलेला माझ्यासारखा, ज्याच्या खिशात त्याच मोबदल्याचे आठ लाख आहेत. म्हणजे आमच्याच जमिनीचा पैसा फिरून आम्हालाच महाग भावाने विकला जात होता.

स्वस्त का, याचं उत्तर

मग मी तलाठी कार्यालयात गेलो, तालुक्याला गेलो, एका वकिलांना फी देऊन भेटलो. जे कळलं ते सांगतो, लिहून ठेवा.

एक. आपल्याकडे १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे. ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान शेतीचा तुकडा पाडून विकता येत नाही. हेतू चांगला होता, वाटण्या होत होत शेती वावभर उरू नये. गुंठा-गुंठा प्लॉट विकणारे नेमके याच्याशी खेळतात. असा तुकडा नोंदला जात नाही, म्हणून मग नोटरीचा कागद करून देतात. पण १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपयांपासून पुढच्या किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणी केलेल्या खरेदीखतानेच होते. नोटरीच्या शिक्क्याने मालकी येत नाही. अशा तुकड्यांना नियमित करण्यासाठी सरकार अधूनमधून सवलती देतं, २०२५ मध्येही असं पाऊल उचललं. पण उद्या माफी मिळेल म्हणून आज अडकायचं, हा पुन्हा मुदतीचा सौदाच झाला.

दोन. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. विदर्भात त्यासाठी १९५८ चा वेगळा कुळवहिवाट कायदा आहे. मी खातेदाराचा मुलगा, माझं भागेल. पण माझ्यासोबत घ्यायला निघालेला पुण्याचा मित्र, ज्याच्या घरात शेती नाही, तो परवानगीशिवाय घेऊच शकत नव्हता.

तीन. खरा प्लॉट कसा असतो? आधी जमीन अकृषक होते, लेआउट मंजूर होतो, त्यात रस्ते आणि मोकळी जागा सोडलेली असते, आणि प्लॉटचा स्वतंत्र सातबारा निघतो. नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरपेक्षा मोठं प्लॉटिंग असेल तर महारेरा नोंदणीशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. ‘एनएची फाईल टेबलावर आहे’ याचा अर्थ एनए झालेलं नाही, एवढाच.

चार, आणि हे मला आधी माहीत नव्हतं. सातबारा हा मुळात साऱ्यासाठीचा महसुली कागद आहे. त्यावर नाव असणं हा चांगला पुरावा, पण अंतिम मालकी त्यावरून ठरत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. म्हणून मागचे फेरफार वाचायचे, जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली ते बघायचं, बहिणींची नावं वाटणीत कुठे गेली ते विचारायचं, जमीन वर्ग १ की वर्ग २ ते तपासायचं, आणि जुने दस्त नोंदणी कार्यालयात शोधायचे.

आता कळलं असेल, तो प्लॉट स्वस्त का होता. पुण्यातलं घर महाग आहे त्यात कागदाचीही किंमत आहे: मंजुरी, नोंदणी, बँकेची छाननी. माझ्या गुंठ्यातून तेवढी किंमत वजा केलेली होती. नव्या माणसाची खरी अडचण इथेच आहे. शहराचा भाव त्याला बाहेर ढकलतो, आणि बाहेर जे त्याच्या आवाक्यात असतं, ते बहुतेकदा कागदात लंगडं असतं.

मग काय झालं?

मी एजंटला सांगितलं, स्वतंत्र सातबारा दाखव, मी उरलेले पैसे देतो. तो महिनाभर ‘होऊन जाते भाऊ’ म्हणत राहिला. शेवटी बाबा आणि गावातली दोन वडीलधारी माणसं जाऊन बसली, तेव्हा २५ हजार परत आले. २६ हजार गेले. साधी पावतीही नव्हती, त्यामुळे भांडायचं कशावर?

बाबांचे उरलेले पैसे बँकेत एफडीत आहेत. मी अजून भाड्यानेच राहतो. शेवट गोड करून सांगत नाही, कारण पुण्यातलं घर मला आजही परवडत नाही. फरक एवढाच की आता मला हे पक्कं माहीत आहे की परवडत नाही, आणि ती चीड घेऊन मी कुठल्याही कुंपणाजवळ पैसे पाठवणार नाही.

गेल्या दिवाळीत बाबांनी कपाटातून एक जुनी पत्र्याची पेटी काढली. आमच्या शेताचे कागद. आजोबांच्या काळातला, घडीवर फाटलेला, हाताने लिहिलेला सातबारा. त्यातला जो भाग रस्त्यात गेला, त्याची आता दुसऱ्याच्या नावावर नोंद आहे. तरी बाबांनी तो कागद ठेवलाय. मी म्हटलं, ‘आता याचा काय उपयोग?’

ते म्हणाले, ‘कोनाचं होतं हे तं कळते.’

तुमच्यापैकी कोणी अशा प्लॉटच्या नादात असेल, तर बयाणा द्यायच्या आधी हा भाग त्याला पाठवा. आणि घरात अशी पत्र्याची पेटी असेल, तर या सुट्टीत ती एकदा उघडून वडिलांसोबत बसा. पुढच्या भागात भेटू.